हिरव्या ट्रंकेतलं पाकीट

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सुभेदार सयाजीरावांनी ओसरीवर उभं राहून "ट्रंक उघडा!" असा हुकूम सोडला आणि पुढच्या पाच मिनिटांत कुंडलमधून अर्धा आशिया खंड नाहीसा झाला.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच संपली होती. मी सांगलीला कॉलेजात होते आणि सुट्टी संपत आल्यामुळे घरी लोळत होते. सुभेदारांचं घर आमच्या भिंतीला लागून. माझी आई, राहीबाई, मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. सुभेदार आणि अंबूबाई यांच्या परदेशवारीचे सगळे फॉर्म तिनंच भरले होते. पासपोर्टवर अंगठा नको म्हणून अंबूबाईंना सही शिकवली होती, तीही तिनंच. बावन्नाव्या वर्षी शिकलेली ती सही अंबूबाई दुधाच्या भांड्यावरच्या वाफेतसुद्धा बोटानं करून बघत.

बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो. अठरा दिवस, सहा विमानं, चार हॉटेलं. रविवारी पहाटे मुंबईहून पहिलं विमान. शनिवारी सकाळी सातला कराडची टॅक्सी दारात येणार होती.

"गेल्या खेपेला जपान्यांनी मला बांबूच्या खोपटात ठेवलं," सुभेदार येईल त्याला सांगत. लढाईत सिंगापूर पडलं तेव्हा ते कैदेत सापडले होते. "ह्या खेपेला त्यांच्याकडनं गादी घालून घेनार हाय. आन् हिला दाखवनार, कुठं चार वर्सं काढली ते."

अंबूबाईंना गादीचं नाही, उंचीचं अप्रूप. "चौदाव्या मजल्यावर निजायचं म्हनं, बाई. म्हंजी डोंगरावर निजल्यागत. खाली वाकून बघितलं तर गाव दिसंल का?"

तर त्या शुक्रवारी किट तपासणी होती. यादी आई वाचणार, सुभेदार पेन्सिलीनं खुणा करणार आणि त्यांचा धाकटा भाऊ आकाराम सामान उचलून दाखवणार.

"कंगवा?"

"न्हाई दिसत," आकाराम म्हणाला.

कंगव्यावरून शिस्तीचं दोन मिनिटं व्याख्यान झालं. कंगवा आकारामच्याच खिशात निघाला.

"कोट?"

"ह्यो काय, वैनीचा. चांदसाहेबानं शिवला बाकी झकास."

"पाण्याची बाटली?"

"हाय. म्होरं," सुभेदारांनीच उत्तर दिलं आणि खूण केली.

"कागदपत्रांचं पाकीट?"

आकाराम ट्रंकेत वाकला. मग आणखी वाकला. मग त्यानं एकेक कपडा बाहेर काढला, कॅमेरा काढला, तळाचा वर्तमानपत्राचा कागद काढला आणि रिकामी ट्रंक उलटी करून थापटली.

मेणकापडाचं पाकीट नव्हतं. दोन पासपोर्ट, विमानाची तिकिटं, हॉटेलांचे कागद, देवीची लस टोचल्याची पिवळी कार्डं, सगळं त्यातच होतं.

"कुलूप?" आईनं विचारलं.

"शाबूत हुतं की. आत्ता मीच उघडलं," आकाराम म्हणाला.

२

आई रहस्यकथांची फार भोक्ती होती. पण ती शेवटचं पान आधी वाचायची आणि मग लेखकानं आपल्याला कुठं कुठं फसवलं ते मजेत तपासत पहिल्या पानावर यायची. इथं शेवटचं पान हाताशी नव्हतं. तिनं पदर खोचला आणि ओसरीच्या कडेला बसकण मारली.

"काल चार वाजता मी पाकीट पाहिलंय," ती म्हणाली. "अंबूबाईंना विमानातून उतरताना भरायचा फॉर्म शिकवत होते. माझ्यादेखत त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली कुठं असते?"

"देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला," सुभेदार म्हणाले. "घरात सगळ्यांस्नी म्हाईत हाय."

"आणि आज सकाळी?"

"तितंच हुती."

आई पुढे झाली. ट्रंकेतून निघालेला वर्तमानपत्राचा कागद तिनं उजेडात धरला आणि घडीतून काहीतरी चिमटीनं उचललं. चार तांदूळ. हळदीनं पिवळे झालेले.

"घरात काही पूजा झाली?"

"आमच्यात?" सुभेदार हसले. त्यांचा त्या गोष्टींवरचा राग गावाला ठाऊक होता. आठ दिवसांपूर्वी केरबा गुरव पंचांग घेऊन आला होता. शनिवार म्हटल्यावर त्यानं जीभ चावली, तशी सुभेदारांनी त्याच्या हातातलं पंचांग घेऊन वारा घेतला आणि सगळ्यांसमोर बजावलं, "ह्या घरात पुन्यांदा मुहूर्ताचं नाव निघालं तर तिकिटं फाडून चुलीत घालीन. मग बसा घरात शुभ बघत."

तेवढ्यात सांगलीहून नानासो आला. सहल काढणाऱ्या कंपनीचा हा माणूस शेवटच्या सह्या घ्यायला आला होता. गॉगल कपाळावर, बगलेत चामडी पिशवी. पाकीट गेल्याचं ऐकून त्यानं मोठा उसासा टाकला. त्यातला निम्मा आनंदाचा असावा.

"पासपोर्ट नवीन निघायला महिना तरी लागतो, काका. पुढच्या महिन्यात माझी दुसरी सहल आहे. तीत घालतो तुम्हांला. या दोन सीटांची काळजी करू नका."

"म्हणजे त्या सीटांवर बसणारं कुणी तयार आहे," आई म्हणाली.

नानासोचा गॉगल कपाळावरून नाकावर घसरला. "एक बडं जोडपं आहे. त्यांनी विचारलं होतं, एवढंच. पण बाई, तुमचा रोख..."

"काल तुम्ही इथं होता."

"दोनच्या एसटीनं गेलो! कंडक्टरला विचारा. त्यानं मला उभ्यानं नेलं सांगलीपर्यंत, अजून पाय दुखतायत."

"विचारायला नको. पाकीट मी चारला पाहिलं. तुम्ही सुटलात. बसा आता, पायांना आराम द्या."

नानासो बसला. स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा खमंग वास येत होता. अंबूबाई प्रवासाच्या लाडवांना लागल्या होत्या. उलथण्याची खरखर एका लयीत चालू होती.

आई त्या आवाजाकडे कान देऊन बसली. मला वाटलं, तिला लाडू हवाय.

३

"आता तुम्ही, आकाराम," आई म्हणाली.

आकारामनं मुंडासं मागं सारलं. "मला काय इचारताय? मी तर पयल्यापासनं म्हनतोय, कशाला पायजे ही हौस? ऊसतोड तोंडावर. टोळी कवाबी येईल. आन् हे चाललं जपानला गादीवर निजाया!"

"मंग तूच घेतलंस," सुभेदार गरजले.

"व्हय, घेतलं! आन् त्याच्यावर बसून मीच जानार सिंगापूरला!"

"थांबा," आई म्हणाली. तिनं कोटाच्या वरच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी ओढून काढली. कोट दाखवताना आकारामचा हात त्या खिशापाशी जरा रेंगाळला होता, ते तिनं पाहिलं होतं. ती मोठ्यानं वाचू लागली. "'वैनी, तीन बँडचा ट्रान्झिस्टर. कातडी कव्हर पायजे. दादाला सांगू नका. आकाराम.'"

मग नानासो फिस्सकन हसला.

"ज्याला तिकडून ट्रान्झिस्टर हवाय, तो आणणाऱ्यांचीच वाट कशाला अडवेल?" आई म्हणाली. "सुटलात तुम्हीही."

आकाराम लाजेनं लालबुंद झाला आणि लाज झाकायला भलत्याच दिशेनं उसळला. "आमी घरची मानसं सुटलो, तर मंग भायेरचं कोन आलतं? काल दिवेलागणीला चांदसाहेब कोट घिऊन आला. ह्याच वसरीवर ट्रंकंजवळ एकटा बसला हुता, च्या हुईपतूर. दादा रानात, मी रानात. त्यानंच नेलं. मी जातो सायकलीवर फौजदाराकडं. घराची झडती घेतली की निघंल."

चांदसाहेब हा गावातला शिंपी. गावाच्या उगवत्या अंगाला, ओढ्यापलीकडे त्याचं घर. तो सुभेदारांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा गडी. सुभेदार म्हणाले, "खुळा हाईस का? चांद्या?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. आणि का कोण जाणे, झडती म्हटल्यावर त्यांचाच चेहरा उतरला.

आकारामनं सायकल भिंतीपासून ओढली.

आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातली खरखर थांबली.

आईनं मान वर केली. बेसन करपल्याचा वास आला.

"आकाराम," आई म्हणाली, आणि शाळेत ज्या आवाजाला पन्नास मुली एकदम गप्प होत तो आवाज तिनं काढला. "सायकल ठेवा. फौजदाराची गरज नाही. पाकीट कुणी नेलं ते मला कळलंय. कशासाठी नेलं, तेवढं विचारून येते."

४

मी तिच्या मागोमाग गेले. अंबूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. कढईतलं बेसन काळं पडलं होतं आणि त्या डोळे पुसत होत्या.

आई त्यांच्याशेजारी पाटावर बसली.

"अंबूबाई, तिकिटं चोरीला गेली म्हणून घरात एवढा गोंधळ. जिचं आयुष्यातलं पहिलं मोठं जाणं त्यावर, ती बाई प्रवासाचे लाडू करत बसलीय. तास झाला, उलथणं एकदाही चुकलं नाही. चांदसाहेबांचं नाव निघालं तेव्हाच हात थांबला. म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं, की पाकीट सुखरूप आहे आणि उद्या मिळणार आहे."

अंबूबाईंनी कढई चुलीवरून खाली उतरवली.

"शिवाय देव्हाऱ्यापर्यंत जायचं तर तुमच्या चुलीपुढूनच जावं लागतं. चांदसाहेब आले तेव्हा तुम्ही इथंच चहा करत होता. त्यांनी किल्ली घेतली असती तर तुम्हांला दिसलं असतं. राहिले हळदीचे तांदूळ." आईनं मूठ उघडली. "आणि उद्याचा शनिवार. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जाऊ नये म्हणतात. जपान पूर्वेला. तुम्ही प्रस्थान ठेवलंत."

प्रस्थान म्हणजे काय ते मला आजीच्या बोलण्यातून ऐकून माहीत होतं. जायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, हळद-तांदूळ-सुपारी घालून, त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालोच. मग प्रत्यक्ष जाताना ती उचलून पुढं व्हायचं.

"कुनास्नी सांगू नगा, बाई," अंबूबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांस्नी कळलं तर खरंच फाडत्याली. लय हट्टी मानूस. एकेचाळीस साली हे गेलं, तवा सासूबाई अंथरुनावर. परस्थान ठिवाया कोन न्हाई. मी चवदा-पंधरा वर्साची, मला काय ठावं? चार वर्सं पत्र न्हाई का काय न्हाई. आलं तवा हाडं मोजून घ्यावीत असं. मंग मी ठरीवलं, पुन्यांदा कवा बिगर-परस्थानाचं जाऊ द्याचं न्हाई. दर रजा संपली की ठिवत आले, चोरून. एकदाबी चुकलं न्हाई. एकदाबी खरचटलं न्हाई त्यांस्नी."

"पण नारळ ठेवायचा, एखादं कापड ठेवायचं. पासपोर्ट कुणी ठेवतं का?"

अंबूबाईंनी आईकडं अशा नजरेनं बघितलं, की मास्तरीण असून एवढं कळू नये?

"परस्थान म्हंजी आपल्या अंगाची वस्त, बाई. त्या पुस्तकात ह्यांचा फोटू हाय, माझा फोटू हाय. खाली माझ्या हाताची सही हाय, तुमीच शिकिवलेली. त्याच्यापरास अंगाचं काय असतंय? काल सांजच्याला अख्तरबीच्या गव्हाच्या कणगीत ठिवून आले. उगवतीला भरवशाचं घर तेवढंच. वाटलं, उद्या जाताना टॅक्सी हुबी करू, अख्तरबीला भेटून येते म्हनू आन् उचलू. ही तपासनी कुनाला ठावं!"

"मग आता आणू या."

"आनलं तर मोडलं! परस्थान उंबऱ्यात माघारी येत न्हाई." त्या पुन्हा डोळ्यांना पदर लावू लागल्या आणि मग एकदम ताठ बसल्या. "पर चांदभाईंच्या दारात फौजदार जाऊ द्याची न्हाई मी. जातो म्हनला ना आकाराम? मग सांगते मी समद्यांस्नी. ऱ्हाऊ दे सिंगापूर."

आणि त्या उठल्यासुद्धा. सही गिरवलेली पाटी अजून कोनाड्यात होती, तिच्याकडं न बघता.

आईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "सिंगापूरही होईल आणि चांदसाहेबांची अब्रूही राहील. तुम्ही दुसरं बेसन भाजायला घ्या." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण मला एक कळत नाही. झडतीचं नाव निघाल्यावर सुभेदार का घाबरले?"

५

बाहेर येऊन आईनं एवढंच सांगितलं, "सुभेदार, पाकीट कुणी चोरलेलं नाही. उद्या सकाळी सव्वासातला तुमच्या हातात देईन. अट एकच. सामान भरून, दोघांनी टॅक्सीत बसून मी सांगेन तिकडे आधी जायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

"ह्यो हुकूम हाय?"

"हुकूम."

सुभेदारांनी नकळत टाचा जुळवल्या. त्या रात्री आई आमच्या घरी यादीचा कागद घेऊन बसली. बराच वेळ ती त्यातल्या एकाच ओळीकडं बघत होती. मग गालात हसली. मी विचारलं तर म्हणाली, "कंगवा नाही म्हणून दोन मिनिटं भाषण देणारा माणूस कुठल्या वस्तूवर न बघता खूण करेल?" आणि दिवा मालवून झोपली.

शनिवारी टॅक्सी निघाली. मी आणि आई मागं कोंबून बसलो होतो. आकाराम सायकलीवरून ओरडत येत होता, "आवं, मुंबई तिकडं हाय! हिकडं कुठं चाललाय, वड्याला?"

चांदसाहेबाच्या दारात टॅक्सी थांबली. अख्तरबी जणू वाटच बघत होती. तिच्या हातावर गव्हाचं पीठ होतं आणि ओढणीखाली मेणकापडाचं पाकीट. ती ते सरळ अंबूबाईंच्या ओटीत ठेवून म्हणाली, "घ्या भाभी. बीनघोर जाऊन या."

सुभेदारांनी पाकीट बघितलं. त्यावर बांधलेली हळदीची पुरचुंडी बघितली. मिशा थरथरल्या. "अंबे! मी काय बजावलं हुतं? ह्या असल्या खुळचट..."

"सुभेदार," आई म्हणाली, "आधी तुमची पाण्याची बाटली घ्या."

"कसली बाटली?"

"यादीतली. तपासणीत नव्हती. कंगव्यासाठी घर डोक्यावर घेतलंत आणि तिच्यावर न बघता खूण केलीत. तुम्हांलाच माहीत असणार ती कुठं आहे. आणि चांदसाहेबांच्या घराची झडती घ्यायची म्हटल्यावर भीती तुम्हांला वाटली. म्हणून म्हटलं, इथंच असेल."

चांदसाहेबानं सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी आभाळाकडं. मग चांदसाहेब खोकत खोकत आत गेला आणि शिवणयंत्राखालून फौजेतली जुनी, खाकी खोळीची बाटली घेऊन आला.

"खोळ उसवली हुती," सुभेदार घाईनं म्हणाले. "शिवाया दिलती."

आईनं बाटली हातात घेऊन हलवली. आत पाणी नव्हतं. तांदूळ खुळखुळले. तांदळांत एक सुपारीही होती, ती पत्र्यावर टण्णकन आपटली.

"बुधवारी दिवस चांगला होता ना, केरबाच्या पंचांगात?" आई म्हणाली. "वारा घेताना तेवढं पान वाचून घेतलंत."

"मला काय इचारू नका, भाभी," चांदसाहेब हात जोडत अंबूबाईंना म्हणाला. "त्यानं मला शपथ घातली. 'माझ्या अंबीला इमानात काय झालं तर?' म्हनला. 'माझं काय न्हाई, मी म्हातारा झालो. पर ती पयल्यांदाच निघालीया.'"

"आन् मलाबी भाभीनं शपथ घातली," अख्तरबी म्हणाली. "या अल्ला! दोन दिवस एकाच घरात कणगीत एक, मशीनखाली एक. आन् आमी दोघंबी एकमेकास्नी चोरून!"

आकाराम सायकलवरून पडायचाच राहिला. टॅक्सीवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. अंबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, जणू चौदाव्या मजल्यावरून खाली गाव दिसावं तसं.

"आवं," त्या शेवटी म्हणाल्या, "माझ्यासाठी ठिवली व्हय?"

"बस गाडीत," सुभेदार म्हणाले. "इमान थांबत न्हाई कुनासाठी."

पण बाटली त्यांनी स्वतः तिच्या खांद्याला अडकवली.

*

अठरा दिवसांनी दोघं सुखरूप परतले. आकारामला तीन बँडचा ट्रान्झिस्टर मिळाला, कातडी कव्हरासकट. सिंगापूरला कैद्यांची छावणी होती तिथं आता मोठी बाग झाली आहे, सुभेदार तिथल्या बाकावर दुपारभर बसले आणि मग म्हणाले, "चल, भूक लागली," असं अंबूबाईंनी आम्हांला सांगितलं. टोकियोत त्यांना गादी जमिनीवरच मिळाली. तो विषय सुभेदार टाळत.

आईला अंबूबाईंनी हॉटेलातला छोटा साबण आणला, चौदाव्या मजल्यावरचा. आईनं तो कधीच वापरला नाही. या वैशाखात तिचं कपाट रिकामं करताना लुगड्यांच्या घडीत तो सापडला. वेष्टनात पुडी बांधून ठेवलेले चार पिवळे तांदूळ होते.

घर बंद करून मला रविवारी साताऱ्याला परत जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी मी तो साबण आणि तांदूळ घेऊन ओढ्यापलीकडे गेले. अख्तरबीच्या सुनेनं काही न विचारता कणगीचं झाकण उचललं.

साताऱ्याची वाट इथून पश्चिमेला जाते आणि अख्तरबीचं घर पूर्वेला. प्रस्थान उलट्या दिशेला ठेवत नाहीत. आईनं ही चूक लगेच पकडली असती.